चुंगडीवरचं नाव बदललं, खत तेच: ॲपची नावं का बदलतात आणि आपण नेमकं काय पाहायचं

जून महिना, पेरणीची घाई. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात एसटी थांब्याजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. शटर वर केलं तर दारात काकू उभ्या. बचत गटाचा हिशेब त्याच ठेवतात. मोबाइल माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, माह्या मोबाइलमंदी कोन्तं तरी दुसरंच ॲप घुसलं होतं. म्या काढून टाकलं. आता गटाचे पैसे कुठं दिसत नाही."

काढून टाकलेलं ॲप त्यांचंच होतं. रोज वापरायच्या तेच. कंपनीनं त्याचं नाव बदललं, चित्र बदललं, आणि अपडेट रात्रीतून आपोआप येऊन बसलं. अपडेट म्हणजे ॲपमध्ये फेरफार करून कंपनी पाठवते ती नवी आवृत्ती. पैसे कुठंही गेले नव्हते, ते बँकेत जागच्या जागी होते. पण ॲप परत टाकायचं तर बँकेशी जोडलेल्या सिमवरून एक मेसेज जावा लागतो, आणि काकूंचं रिचार्ज संपलेलं. रिचार्ज मारलं, तर त्या दिवशी टॉवर गेला. दोन दिवस गटाचा हप्ता अडकला. त्या दोन दिवसांत गटातल्या बायांनी त्यांना काय काय विचारलं असेल ते मी सांगत नाही.

काकूंचं यात काहीच चुकलं नव्हतं. "ओळखीचं नसलेलं ॲप दिसलं की हात लावू नका, काढून टाका," हे मीच त्यांना शिकवलं होतं. म्हणून हा लेख लिहायला बसलो. नावं यापुढंही बदलणार आहेत. मग नावाशिवाय ॲप ओळखायचं कसं, हे आपल्याला यायला पाहिजे.

## आधी खताची चुंगडी आठवा

2022 सालचा ऑक्टोबर आठवा. केंद्र सरकारनं 'एक राष्ट्र एक खत' योजना लागू केली आणि अनुदानाच्या सगळ्या खतांच्या थैल्यांवर 'भारत' हे एकच नाव आलं. भारत युरिया, भारत डीएपी, भारत एनपीके. त्याआधी आपण कृषी केंद्रात जाऊन काय मागायचो? 'उज्ज्वला दे', 'सुफला दे'. नाव, थैलीचा रंग, वरचं चित्र, यावरून माल ओळखायचा. एका हंगामात ते सगळं बदललं. कंपनीचं नाव थैलीवर राहिलं, पण खाली, थोड्या जागेत.

आमच्या गावात तेव्हा बराच गोंधळ झाला. "हे सरकारी खत हाय, याच्यात दम नाही," असं म्हणून काहींनी जुनी थैली शोधत तालुका पालथा घातला. ज्यांना आकडे वाचता येत होते ते मात्र शांत राहिले. डीएपीवर 18:46 लिहिलेलं असतं, म्हणजे 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद. युरियात 46 टक्के नत्र. थैलीवर नाव कोणतंही छापा, हे आकडे तेच असतील तर खत तेच. आणि हे आकडे थैलीवर छापणं कायद्यानं सक्तीचं आहे, कंपनीच्या मर्जीवर ते सोडलेलं नाही.

ॲपचंही असंच आहे. नाव आणि चित्र म्हणजे थैलीची छपाई. आत 18:46 सारखी एक खूण असतेच, फक्त ती समोर छापलेली नसते.

## ॲपची आतली ओळख आणि कंपनीचा अंगठा

प्रत्येक ॲपला मोबाइलच्या आत एक वेगळी ओळख दिलेली असते. तंत्रज्ञ तिला पॅकेज नेम म्हणतात, आपण आतली ओळख म्हणू. लग्न झालं की सासरी कधी कधी मुलीचं नाव बदलतात, आडनाव तर बहुतेक बदलतंच, पण तिचा आधार नंबर तोच राहतो. ही तशीच गोष्ट. पडद्यावरचं नाव कंपनी हवं तेव्हा बदलू शकते. आतली ओळख बदलली तर मोबाइलच्या लेखी ते दुसरंच ॲप ठरतं, त्यामुळे कंपन्या तिला सहसा हात लावत नाहीत.

गूगलचं 'तेज' आठवतं? सप्टेंबर 2017 मध्ये ते भारतात आलं. ऑगस्ट 2018 मध्ये त्याचं 'गूगल पे' झालं. पण त्याची आतली ओळख आजही पाहिली तर तिच्यात ना तेज आहे ना पे, तिच्यात 'पैसा' हा शब्द आहे. बाहेरची पाटी बदलली, आत 'पैसा' तसाच. ट्विटरचं जुलै 2023 मध्ये 'एक्स' झालं, तरी अँड्रॉइडवर त्याच्या आतल्या ओळखीत 'ट्विटर' हाच शब्द राहिला. प्ले स्टोअरमधून कुणाला ॲपची लिंक पाठवली तर त्या लिंकच्या शेवटी ही ओळख इंग्रजीत लिहिलेली दिसते. एकदा पाहून ठेवा.

दुसरी गोष्ट सहीची. कंपनी ॲप तयार करते तेव्हा त्यावर एक डिजिटल सही असते. तिला आपण अंगठा म्हणू. नवं अपडेट आलं की मोबाइल आधी तपासतो, या अपडेटवरचा अंगठा आधीच्या ॲपवरच्या अंगठ्याशी जुळतो का? जुळला नाही तर तो ते अपडेट जुन्या ॲपवर बसूच देत नाही. नाव कुणीही लिहू शकतं, चित्र कुणीही चोरू शकतं. दुसऱ्याचा अंगठा मात्र उठवता येत नाही.

यातून आपल्या कामाची एक खूण मिळते. खरं नामांतर जुन्या ॲपच्या जागीच होतं. जुनं ॲप गायब होतं, त्याच्याच ठिकाणी नवं दिसतं, उघडलं की आतला जुना हिशेब तसाच असतो. फसवणाऱ्याला हे जमत नाही. त्याचं ॲप शेजारी दुसरं चित्र म्हणून येतं, आणि आत सगळं रिकामं असतं, नव्यानं माहिती भरायला लावतं. काकूंनी ते ॲप काढायच्या आधी एकदा उघडून पाहिलं असतं, तर गटाचे जुने व्यवहार तिथंच दिसले असते.

## सगळी नामांतरं सारखी नसतात

तेजचं गूगल पे झालं, किंवा फेब्रुवारी 2024 मध्ये गूगलच्या 'बार्ड' या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या संगणकीय मदतनीसाचं 'जेमिनी' झालं, ही निव्वळ पाटी बदलल्याची उदाहरणं. आपल्याला काहीच करावं लागत नाही.

फेसबुकचं वेगळं आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये कंपनीनं स्वतःचं नाव 'मेटा' केलं, ॲपचं नाव फेसबुकच राहिलं. तेव्हापासून व्हॉट्सॲप उघडताना खाली मेटा असं दिसतं. हा मेटा कोण, हे मला कितीतरी जणांनी विचारलंय. मालकानं दुकानाच्या फर्मचं नाव बदललं, गल्ल्यावर माणूस तोच, एवढाच त्याचा अर्थ.

दोन गोष्टींची एक होते तेव्हा जास्त घोळ होतो. व्होडाफोन आणि आयडिया 2018 मध्ये एक झाल्या आणि सप्टेंबर 2020 मध्ये 'व्ही' हे नाव आलं. ज्यांनी हच पाहिलंय त्यांच्या सिमला तर हे तिसरं नाव, कारण हचचं व्होडाफोन 2007 मध्येच झालं होतं. नंबर मात्र प्रत्येक वेळी तोच राहिला. फेब्रुवारी 2025 मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून 'जिओहॉटस्टार' झालं. ती आयपीएल सुरू झाली तेव्हा पानठेल्यावरची पोट्टी अजून जिओसिनेमातच मॅच शोधत होती.

बँकांमध्येही हेच चाललंय. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत शाखा असलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एक झाली. ती स्वतः 2013 मध्ये दोन ग्रामीण बँका एकत्र करून झाली होती. म्हणजे एकाच माणसाच्या घरात तीन नावांची पासबुकं सापडतील. एकत्रीकरण झालं की कधी कधी आपल्यालाही काही करावं लागतं: नवं पासबुक, नवं ॲप, नवा कोड. म्हणून अशा वेळी शाखेत जाऊन विचारणं भाग आहे, व्हॉट्सॲपवरच्या मेसेजवर काम भागत नाही.

माझ्या मते सगळ्यात अवघड प्रकार तो, ज्यात एकच नाव दोन वेगळ्या गोष्टींना देतात. 2022 मध्ये गूगलनं 'ड्युओ' आणि 'मीट' ही व्हिडिओ कॉलची दोन ॲपं एक केली. ड्युओ खूप मोबाइलमध्ये आधीपासून टाकलेलं यायचं, पुण्या-नागपूरला गेलेल्या पोरांना आया त्यावरूनच व्हिडिओ कॉल करायच्या. ड्युओचं नाव 'मीट' झालं, आणि आधीपासून असलेलं मीट 'मीट ओरिजिनल' झालं. काही काळ एकाच मोबाइलमध्ये दोन मीट. खरं नामांतर जुन्या जागीच होतं असं मी वर म्हटलं, ते इथंही खरंच होतं, ड्युओच्या जागीच मीट आलं. पण शेजारी दुसरं मीट असल्यावर कुणाला काय कळणार?

'गूगल वॉलेट'चंही तसंच. वॉलेट म्हटलं की आपल्याला पैशाचं पाकीट वाटतं. मे 2024 मध्ये भारतात आलेलं गूगल वॉलेट तिकिटं, बोर्डिंग पास, कार्डं ठेवायला आहे; यूपीआयनं पैसे द्यायला गूगल पेच. त्याच सुमारास अमेरिकेत गूगल पे हे ॲप 4 जून 2024 ला बंद झालं, कारण तिथं ते काम वॉलेटकडे गेलं. बातमी अमेरिकेपुरती होती. आपल्याकडे ती "गूगल पे बंद होणार" एवढीच येऊन पोचली.

## कंपन्या असं करतात तरी कायले?

कारणं खरी असतात, हे आधी मान्य करू. 'तेज' हा हिंदी शब्द, भारतापुरता बरा. कंपनीला जगभर एकच नाव पाहिजे होतं. दोन कंपन्या एक झाल्या की एक नाव ठेवावं लागतं, नाहीतर दोन जाहिराती, दोन दुकानं, दोन हिशेब. कधी नावाच्या हक्काचा वाद असतो.

पण आणखी एक कारण आहे, आणि ते ग्राहकासाठी नसतं. आपण आता नव्या धंद्यात उतरलो, हे शेअर बाजाराला दाखवायचं असतं. मायक्रोसॉफ्टचं पाहा. एमएस-सीआयटी केलेल्या आपल्या हजारो पोरापोरींनी 'एमएस ऑफिस' हे नाव पाठ केलंय. 2020 मध्ये घरगुती वापराच्या वर्गणीचं 'ऑफिस 365' जाऊन 'मायक्रोसॉफ्ट 365' आलं. मग ऑफिस नावाच्या ॲपचं मायक्रोसॉफ्ट 365 झालं, आणि जानेवारी 2025 मध्ये त्याच ॲपचं 'मायक्रोसॉफ्ट 365 कोपायलट'. कोपायलट हे कंपनीच्या एआयचं नाव, म्हणजे प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणाऱ्या संगणकीय मदतनीसाचं. वर्ड वर्डच राहिलं, एक्सेल एक्सेलच. पण दारापुढची पाटी आता त्या मदतनीसाच्या नावाची आहे, आणि 'कोपायलट' नावाचं दुसरं एक वेगळं ॲपही आहे.

माझ्या दुकानात टायपिंग शिकणारी एक मुलगी यवतमाळला मुलाखतीला गेली. समोरच्या संगणकावर 'ऑफिस' शोधत बसली आणि घाबरली. तिला एक्सेल चांगलं येतं. तिला फक्त दार सापडलं नाही. याचा मला फार राग येतो, कारण अशा पोरीला दुसरी संधी लवकर मिळत नाही.

## "पण पैसे सुरक्षित आहेत ना? मग एवढं काय?"

पैसे सुरक्षितच असतात, ते नीट समजून घ्या. यूपीआय 2016 मध्ये सुरू झालं आणि ते राष्ट्रीय भुगतान निगम चालवतं. आपलं पेमेंट ॲप ही त्याची फक्त खिडकी. पैसे बँकेच्या खात्यात. यूपीआयचा पिनसुद्धा ॲपचा नसतो, खात्याचा असतो. म्हणून तेच खाते दुसऱ्या ॲपमध्ये जोडलं तरी पिन तोच चालतो. गूगल पेमधल्या तुमच्या यूपीआय पत्त्यात 'ओकेॲक्सिस' किंवा 'ओकेएसबीआय' दिसलं म्हणून तुमचं खातं ॲक्सिसमध्ये किंवा स्टेट बँकेत गेलं असंही नाही. तो रस्ता आहे, घर नाही.

तरीही नाव बदलणं छोटी गोष्ट नाही. गावात किती जण ॲपचं नाव वाचतात? खूप थोडे. इंग्रजी अक्षर ओळखीचं नसतं. आमचे मामाजी म्हणतात, "दुसऱ्या लाइनीतलं निळं दाबतो, बोलते पोराशी." निळं, हिरवं, लिफाफा, कॅमेरा, आणि पडद्यावरची जागा, एवढ्यावरच सगळा कारभार. ऑक्टोबर 2020 मध्ये गूगलनं जीमेल, ड्राइव्ह, कॅलेंडर, मीट या सगळ्यांची चित्रं एकाच चार रंगांत केली. दिसायला ती एका घरातली झाली असतील. पण रंगावरून ओळखणाऱ्या माणसाची एकुलती एक खूण त्यानं गेली.

आणि हाच माणूस फसवणाऱ्यांच्या नेमका निशाण्यावर असतो. ओळखीचं चित्र हीच त्याची राखण. कंपनी नाव आणि चित्र बदलते तेव्हा तिच्या पैशाला धक्का लागत नाही, याची राखण मोडते. शिवाय एकदा का "नावं तर बदलतच असतात" हे मनात बसलं, की पुढच्या वेळी कुणी "तुमच्या बँकेच्या ॲपचं नाव बदललंय, हे नवं घ्या" म्हटलं तर ते खरंच वाटतं.

## "मग अपडेटच बंद करून टाकतो"

हे मला दर आठवड्याला कुणीतरी म्हणतं. करू नका. अपडेटमध्ये नाव क्वचित बदलतं, बाकी वेळा आतली भोकं बुजवलेली असतात. जुनं ॲप म्हणजे कवेलूचं गळकं घर, उन्हाळ्यात काही वाटत नाही. पैशाचं ॲप फार जुनं झालं तर ते चालायचंही थांबतं.

## खरं की खोटं, कसं ओळखायचं

नवं नाव कुठून आलं, हे सगळ्यात आधी पाहा. खरं नामांतर प्ले स्टोअरमधून अपडेट होऊन येतं. व्हॉट्सॲपवर फाइल म्हणून ते कधीच येत नाही. ज्या फाइलच्या शेवटी 'एपीके' अशी इंग्रजी अक्षरं आहेत ती दाबायची नाही, मग ती भाच्याच्या नंबरवरून आलेली का असेना, कारण भाच्याचाच मोबाइल आधी फसलेला असू शकतो. 'पीएम किसान' आणि 'आरटीओ चलान' या नावांच्या अशा फाइली पाठवून देशभर लोकांना लुटलंय. हप्त्याची वाट पाहणारा शेतकरी पीएम किसान हे नाव पाहिलं की दाबतोच. चोरानं नाव निवडलंय ते विचार करूनच.

मग प्ले स्टोअरमध्ये जाऊन ॲपच्या नावाखाली बारीक अक्षरात ते बनवणाऱ्या कंपनीचं नाव असतं ते वाचा, आणि किती लोकांनी घेतलंय तो आकडा बघा. मोठ्या बँकेचं ॲप आणि घेणारे पाचशे, असं होत नसतं.

नाव बदललं म्हणून कुणी फोन करून ओटीपी मागत नाही, पिन मागत नाही. पैसे घ्यायला तर पिन लागतच नाही, फक्त द्यायला लागतो.

इथं एक चांगलं उदाहरणही सांगितलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेनं 2025 मध्ये सगळ्या बँकांना सांगितलं की 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत तुमच्या संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन' नं संपणारा करा. हेही नामांतरच. पण हा पत्ता बँकेशिवाय कुणाला मिळतच नाही, त्यामुळे शेवट वाचला तरी खरं-खोटं कळतं. नाव बदललं आणि ओळखणं सोपं झालं. कंपन्यांनीही असं काही करावं. खताच्या थैलीवर आकडे छापायची सक्ती आहे, तशी ॲपच्या नव्या नावाखाली किमान एक वर्ष जुनं नाव, मराठीतून, लिहायची सक्ती का असू नये?

## "पोराले विचारलं की झालं"

पोरगा पुण्याला बारा तास कंपनीत असतो. फोन उचलत नाही तेव्हाच नेमकी गरज असते. आणि गटाचा हिशेब, पीक विम्याचा मेसेज, नवऱ्याच्या नकळत साठवलेले दोन पैसे, हे सगळं बाईनं पोराला दाखवायचं का? आपल्या मोबाइलमध्ये काय आहे ते आपल्यालाच कळणं, हा मान आहे.

चुकून खोटी फाइल दाबलीच गेली तर आधी मोबाइलचं नेट बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून लगेच 1930 लावा. ही सायबर फसवणुकीची सरकारी मदतवाहिनी. त्यानंतर बँकेत कळवा. लाज वाटून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका, तेवढ्या वेळात पैसे चार खाती फिरून जातात.

दुकानात मी एक मोठा कागद लावलाय. डावीकडं जुनं नाव आणि जुनं चित्र, उजवीकडं नवं, आणि शेवटी 'तुम्हाला काही करायचंय का' याचं उत्तर. बहुतेक ओळींत ते 'नाही' असंच आहे. पहिली ओळ काकूंच्या ॲपची. दर बुधवारी गटाच्या बैठकीला जाताना त्या थांबतात, कागदावर नवी ओळ आलीय का बघतात, आणि असली तर मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून नेतात.